नोटेत खरंच ट्रॅकिंग चिप असू शकते का? आणि नसली तरी नोटेवरून माणूस सापडतो का?

मृण्मयी_१

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे सर्किटवाले, बँकिंगवाले, कायद्यातले सगळेच आहेत म्हणून इथेच विचारते. तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय. कोणीतरी नोट बल्बसमोर धरलीये, आतली चमकणारी तार बोटाने दाखवतंय आणि सांगतंय की ही अँटेना आहे, नोट जमिनीत पुरली तरी सॅटेलाइटला दिसते वगैरे वगैरे. माझा त्यावर विश्वास नाहीये, पण नुसतं "फेक आहे" म्हणून सोडून द्यावं असंही वाटत नाही, कारण ते का फेक आहे हे मला नीट सांगता येत नाही. समोरचा विचारतो की कपड्याच्या टॅगमध्ये चिप बसते, तिकिटात बसते, मग नोटेत का नाही बसणार, आणि तिथे मी गप्प होते.

दुसरा प्रश्न माझ्यासाठी जास्त जवळचा आहे. मी काही गोष्टींचे पैसे ठरवून कॅशमध्ये देते. समुपदेशनाची फी, काही औषधं, एखाद्या संघटनेला दिलेली देणगी. ह्यात टॅक्स बुडवणं नाही की काही नाही, फक्त ही माहिती कुठल्यातरी सर्व्हरवर माझ्या नावापुढे वर्षानुवर्षं पडून राहावी असं मला वाटत नाही. आजारपण माझं, विचार माझे, ते कोणाला सांगायचे हे मी ठरवणार. आता एटीएममधून पैसे काढताना आत नोटा फडफडत मोजल्याचा आवाज येतो ना, तेव्हा ते मशीन नोटांचे नंबरही वाचत असतं का? वाचत असेल तर अमुक नंबरच्या नोटा माझ्या कार्डवर गेल्या हे कुठेतरी नोंदलं जातं का? आणि पुढे त्याच नोटा ज्याने बँकेत भरल्या त्याच्याशी माझं नाव जोडता येतं का?

"काही चुकीचं करत नसाल तर घाबरता कशाला" हे उत्तर कृपया नको, ते ऐकून झालंय.

सर्किटवाला

मृण्मयीताई, चांगला प्रश्न, आणि दोन्ही भाग वेगवेगळे ठेवलेत ते बरं केलंत कारण लोक इथेच गल्लत करतात. मी फक्त चिपबद्दल लिहितो.

आधी जीपीएस, कारण ते लगेच निकालात निघतं. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सिग्नल पाठवतात, त्यांचं काम तिथेच संपतं. ते खाली काही बघत नाहीत, कोणाला शोधत नाहीत. फोनमधला रिसीव्हर तो सिग्नल ऐकून आपली जागा आपणच काढतो आणि ती जागा दुसऱ्या कोणाला कळायची असेल तर फोनला ती मोबाइल नेटवर्कवरून पाठवायला लागते. म्हणजे रिसीव्हर पाहिजे, ट्रान्समीटर पाहिजे आणि दोन्ही चालवायला बॅटरी पाहिजे. असा ट्रॅकर पैशांमध्ये खरोखर वापरतात बरं का, बँकेवर दरोडा पडला तर देऊन टाकायला म्हणून नोटांच्या एखाद्या बंडलात आत जागा करून चपटा ट्रॅकर बसवलेला असतो. पण तो अख्ख्या बंडलाच्या पोटात मावतो, एका नोटेच्या कागदात मावायचा प्रश्नच नाही. २०१६ मध्ये भारतात २००० ची नोट आली तेव्हा नॅनो जीपीएस चिपची जी अफवा पसरली होती तीही ह्याच जातीची, रिझर्व्ह बँकेने आणि सरकारने ती तेव्हाच फेटाळली होती.

आता बॅटरी नसलेली चिप, म्हणजे आरएफआयडी, वाचणाऱ्या यंत्राच्या रेडिओलहरींवरच चालून आपला नंबर सांगणारी. हा विषय मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. हिताची ह्या जपानी कंपनीने २००१ मध्ये म्यू-चिप नावाची चिप जाहीर केली, ०.४ मिलिमीटर बाजूची, आत १२८ बिटचा एक नंबर, कारखान्यातच कोरलेला, नंतर बदलता न येणारा. २००६ मध्ये त्यांनी ती ०.१५ मिलिमीटरवर आणली आणि जाडी साडेसात मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नोटेचा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे चिप कागदाच्या पोटात आरामात लपते. २००५ साली जपानमध्ये आयची इथे जे जागतिक प्रदर्शन भरलं त्याच्या तिकिटांत ही चिप होती. आणि युरोच्या नोटांत अशी चिप घालायचा विचार चाललाय अशा बातम्या २००१ पासून येत होत्या, २००३ मध्ये युरोपियन सेंट्रल बँक आणि हिताची ह्यांच्यात बोलणी सुरू असल्याचंही छापून आलं होतं. त्यामुळे "असं काही कोणाच्या डोक्यातच नव्हतं" हे म्हणणं बरोबर नाही. पण युरोच्या नोटांत ती चिप कधी आली नाही.

का आली नाही त्याचं मुख्य कारण अँटेना. धुळीच्या कणाएवढी चिप एकटी असली तर वाचणारं यंत्र तिला जवळजवळ टेकवायला लागतं. बाहेरून काही सेंटीमीटरची अँटेना जोडली तर म्यू-चिप साधारण २५ सेंटीमीटरवरून वाचता येत होती, तेही चिप मोकळी आणि सरळ धरलेली असताना. पाकिटात काय होतं बघा: दहा नोटा एकमेकींवर चिकटून, सगळ्या घडी घातलेल्या, शेजारी नाणी आणि किल्ल्या, पलीकडे माणसाचं शरीर. अँटेना एकमेकींवर आल्या की त्यांची फ्रिक्वेन्सी सरकते, धातू सिग्नल अडवतो, शरीरातलं पाणी तो शोषून घेतं. मोकळ्या गोदामात खोक्यांवरचे मोठे टॅग काही मीटरवरून वाचले जातात ते बघून लोकांना वाटतं की नोटाही तशाच वाचता येतील, पण त्या टॅगची अँटेना हाताच्या बोटाएवढी किंवा त्याहून मोठी असते आणि ती कोणी घडी घालून खिशात कोंबत नाही. शिवाय नोट घामाने भिजते, कपड्यांबरोबर धुतली जाते, हजार वेळा दुमडते. चिप मेली तर नोट खरी धरायची की खोटी? ह्याचं उत्तर कुठल्याही छापखान्याला द्यायला अवघड आहे.

तरी "कधीच शक्य नाही" असं मी लिहिणार नाही. २०१०-११ च्या सुमारास जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेच्या संशोधकांनी खऱ्या नोटांवर पातळ सेंद्रिय ट्रान्झिस्टर, म्हणजे कार्बनी पदार्थांचे इलेक्ट्रॉनिक स्विच, बसवून चालवून दाखवलेत. प्रयोगशाळेत तर झालंच आहे.

ती चमकणारी तार स्वतः तपासा. नोट उजेडात धरा आणि जमलं तर भिंगातून बघा. ती प्लास्टिकची पट्टी असते, वर धातूचा अतिशय पातळ थर, आणि त्या थरात बारीक अक्षरं कोरलेली दिसतील. अँटेना असती तर ती कुठेतरी चिपला जोडलेली दिसली असती, तसा जोड कुठेच नाही. एक विनंती, नोट मायक्रोवेव्हमध्ये घालून "टेस्ट" करू नका. २००४ मध्ये अमेरिकेत २० डॉलरच्या नोटांची गड्डी मायक्रोवेव्हमध्ये जळली, बघा एकाच जागी जळली म्हणजे चिप होती असे फोटो फिरले होते. शाईत आणि पट्टीत धातूचे कण असतात, गड्डी ठेवली की सगळ्या नोटांवरची तीच जागा एकाखाली एक येते आणि तिथेच तापते. त्यातून चिप सिद्ध होत नाही, आग मात्र लागू शकते.

कागदी_चलन

वरचं सगळं बरोबर. पण मला वाटतं चिपच्या नादात आपण नोटेवर उघड छापलेला नंबर विसरतो. प्रत्येक नोटेची ओळख तिच्या अंगावरच आहे, त्याला रेडिओ लागत नाही की बॅटरी लागत नाही. प्रश्न इतकाच की तो नंबर कोण, कुठे, कधी वाचतं आणि लिहून ठेवतं.

दोन जुनी प्रकरणं सांगतो. १९३२ मध्ये अमेरिकेत वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग ह्यांच्या बाळाचं अपहरण झालं, ५०,००० डॉलरची खंडणी दिली गेली. देण्याआधी सगळ्या नोटांचे नंबर उतरवून घेतले होते आणि मुद्दाम त्यात बऱ्याचशा गोल्ड सर्टिफिकेट नोटा (ज्यांच्या बदल्यात सोनं मिळायचं अशा) ठेवल्या होत्या. याद्या बँकांना गेल्या. दोन अडीच वर्षं नोटा इकडे तिकडे उगवत राहिल्या पण माणूस काही सापडेना, कारण कॅशियर दिवसभरात हजारो नोटा हाताळतो, तो कुठे प्रत्येक नंबर यादीशी ताडून बघणार. मधल्या काळात १९३३ मध्ये सरकारने गोल्ड सर्टिफिकेट चलनातून परत मागवल्या. सप्टेंबर १९३४ मध्ये एका गिऱ्हाइकाने पेट्रोल पंपावर १० डॉलरचं गोल्ड सर्टिफिकेट दिलं, पंपावरच्या माणसाला वाटलं ही नोट आता बँक घेईल की नाही कोण जाणे, म्हणून त्याने गाडीचा नंबर नोटेच्या कडेला पेन्सिलने लिहून ठेवला. नोट बँकेत गेली, तिथे ती यादीतली निघाली, गाडीच्या नंबरवरून पोलीस ब्रूनो हाउप्टमानच्या दारात पोचले आणि त्याच्या गॅरेजमध्ये खंडणीतले १४,००० च्या आसपास डॉलर मिळाले.

ह्यात नीट बघा, नोटेच्या नंबराने माणूस सापडला नाही. नंबराने एवढंच कळत होतं की ही नोट खंडणीतली आहे. माणूस सापडला तो कडेला लिहिलेल्या गाडीच्या नंबरामुळे, म्हणजे कोणीतरी नोटेला माणूस जोडला तेव्हा.

उलटं उदाहरण १९७१ चं. डी. बी. कूपर म्हणून ओळखला जाणारा माणूस विमान अपहरण करून २ लाख डॉलर घेऊन पॅराशूटने उतरला. २० डॉलरच्या १०,००० नोटा, सगळ्यांचे नंबर नोंदलेले, याद्या छापून प्रसिद्ध केलेल्या. १९८० मध्ये कोलंबिया नदीच्या काठी एका मुलाला वाळूत ५,८०० डॉलरच्या कुजलेल्या नोटा मिळाल्या, त्यांचे नंबर जुळले. बाकी एकही नोट कुठल्या बँकेत आल्याचं आजवर कळलेलं नाही. यादी होती, पण ती वाचणारा डोळा प्रत्येक काउंटरवर नव्हता.

आता तो डोळा आलाय, हा खरा बदल आहे. मोठं सॉर्टिंग मशीन सेकंदाला ३० च्या आसपास नोटा तपासतं, प्रत्येक नोटेचा फोटो काढतं, खरी-खोटी, फाटकी-चांगली वेगळी करतं, आणि फोटो काढलाच आहे तर नंबर वाचणं हे फक्त सॉफ्टवेअरचं काम उरतं. काउंटरवरची छोटी मोजणी यंत्रंसुद्धा नंबर वाचणारी मिळतात. चीनमध्ये तर गेल्या दशकात बँकांना नोटांचे नंबर नोंदवायची व्यवस्था करायला लावली, कारण असं दिलं होतं की एटीएममधून खोटी नोट निघाली अशी तक्रार आली तर ती नोट खरंच त्या मशीनमधून गेली का हे बघता यावं. कारण योग्य आहे, ग्राहकाच्या फायद्याचंही आहे. पण कुठली नोट कोणत्या वेळी कोणाला दिली ही नोंद त्यातून आपोआप तयार होते, आणि एकदा तयार झालेली नोंद पुढे कोणी कशासाठीही मागू शकतं.

नंबरांवरून काय काय दिसतं ह्याचा एक निर्धोक नमुना पण आहे. अमेरिकेत डिसेंबर १९९८ पासून व्हेअर्स जॉर्ज नावाची साइट चालते, लोक हौसेने हातात आलेल्या नोटेचा नंबर आणि आपलं ठिकाण टाकतात. २००६ मध्ये ब्रॉकमन, हुफनागेल आणि गायझेल ह्या तीन शास्त्रज्ञांनी त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त नोटांचा प्रवास घेऊन माणसं कशी हिंडतात त्याचं गणित नेचर ह्या विज्ञानपत्रिकेत मांडलं, साथ कशी पसरेल ह्या अभ्यासाला ते उपयोगी पडलं. लोकांनी आपण होऊन दिलेल्या नोंदी होत्या त्या, नावं नव्हती, तरी एवढं चित्र उभं राहिलं.

मृण्मयी_१

दोघांचेही मनापासून आभार, हे मला कुठेच असं एकत्र मिळालं नव्हतं. मग माझ्यापुरता प्रश्न असा राहतो: समजा मशीनने मला दिलेल्या नोटांचे नंबर नोंदले. मी त्या समुपदेशकांना दिल्या. त्यांनी संध्याकाळी बँकेत भरल्या, तिथल्या मशीनने परत नंबर नोंदले. म्हणजे दोन्ही टोकं मिळाली की नाही? मधे फक्त एकच हात आहे.

कागदी_चलन

हो, तुम्ही अगदी नेमकं धरलंत. दोन्ही टोकांना नोंद असेल आणि ती एकाच जागी आणून ताडली तर जुळणी होऊ शकते. मधे किती हात झाले हे नोटेवरून कळत नाही, त्यामुळे ती शक्यता असते, पुरावा नव्हे. पण एकदा सोडून दर महिन्याला तेच होत राहिलं, तुमच्याकडून निघालेल्या नोटा चार दिवसांत त्याच खात्यात जमा होत राहिल्या, तर कोणालाही अंदाज बांधता येईल.

इथे नोट मोठी की लहान ह्याने फार फरक पडतो. मोठी नोट दुकानदार सहसा कोणाला परत देत नाही, ती गल्ल्यातून थेट भरण्यात जाते, म्हणजे बँक, तुम्ही, दुकान आणि परत बँक. लहान नोटा सुट्टे म्हणून हातोहात फिरत राहतात आणि बँकेत परत जाईपर्यंत त्यांच्या मागे कोणाचाच माग राहत नाही. मोठी नोट कुठेतरी मोडून मग ते सुटे पैसे दिले तर साखळी तिथेच तुटते. तरी हा उपाय माणसाने स्वतःच्या डोक्याला ताप करून घ्यायचा असा आहे, आणि मला ते पटत नाही, सामान्य माणसाला फी द्यायला जाताना असली गणितं करायला लागू नयेत.

रोखठोक

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. लाच, खंडणी, अपहरण, ड्रग्ज, माणसांची विक्री, सगळं रोख रकमेवर चालतं. युरोपियन सेंट्रल बँकेने ५०० युरोची नोट छापणं बंद करायचं २०१६ मध्ये ठरवलं ते अशाच गुन्ह्यांच्या काळजीपोटी. मग नोटेतच चिप घातली आणि फक्त कोर्टाच्या परवानगीने ती वाचता आली तर बिघडलं कुठे? ज्याचं पोरगं पळवून नेलंय त्या बापाला विचारा प्रायव्हसी महत्त्वाची की नोटेचा माग महत्त्वाचा. मृण्मयीताईंचा मुद्दा मला समजतो, पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही माणसंच आहेत.

सर्किटवाला

रोखठोक, तुमची काळजी खरी आहे आणि तिला उत्तर द्यायला पाहिजे. अडचण "फक्त कोर्टाच्या परवानगीने" ह्या शब्दांत आहे. रेडिओ चिपला परवानगी कळत नाही. साधी चिप विचारेल त्याला नंबर सांगते, समोर पोलीस आहे की पाकीटमार हे तिला ओळखता येत नाही. २००३ मध्ये एरी ज्युएल्स आणि रविकांत पप्पू ह्या दोघांनी ह्यावरच एक शोधनिबंध लिहिला, युरोत चिप आलीच तर लोकांची प्रायव्हसी कशी वाचवायची ह्याबद्दल. त्यांची पद्धत अशी होती की नंबर एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय न उलगडणाऱ्या गुप्त रूपात, ठेवायचा आणि दुकानात नोट हातात घेऊन डोळ्यांनी दिसणारा छापील मजकूर वाचला तरच तो एन्क्रिप्ट केलेला मजकूर नव्याने बदलता यावा, म्हणजे तोच तो मजकूर धरून कोणी नोटेमागे फिरू शकणार नाही. पोलिसांकडे किल्ली, बाकीच्यांना नुसता बदलता आकडा. फार हुशारीने विचार केलाय त्यांनी, पण त्यासाठी प्रत्येक दुकानात तसं यंत्र पाहिजे आणि दुकानदाराने ते इमानदारीने वापरायला पाहिजे. आणि एवढं करूनही ह्या खिशात नोटा आहेत का आणि किती आहेत हा प्रश्न उरतोच. चिपकडून उत्तर आलं म्हणजे खिशात नोट आहे. चोराला नंबराशी काय देणंघेणं, त्याला गर्दीतला भरलेला खिसा कोणता तेवढंच कळलं तरी पुरे.

अजून एक गोष्ट मला खटकते, ती चिपपेक्षा जास्त खटकते. पैशाशी संबंधित दोन तंत्रं आपल्या घरात आधीच आहेत आणि ती आणताना आपल्याला कोणी सांगितलं नाही. पहिलं तंत्र म्हणजे बऱ्याच देशांच्या नोटांवर पाच बारीक वर्तुळांचा एक ठरावीक नमुना असतो, रंगीत कॉपियर तो ओळखतो आणि नोटेची कॉपी काढायला नकार देतो. केंब्रिजचे संगणकतज्ज्ञ मार्कस कून ह्यांनी २००२ मध्ये कॉपियरवर प्रयोग करून तो शोधून काढला, तोपर्यंत बाहेर कोणाला माहीत नव्हता. हे निरुपद्रवी आहे, त्यात माझी काही तक्रार नाही. दुसरं तंत्र म्हणजे कित्येक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर फिकट पिवळे ठिपके उमटवतात, साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, निळ्या उजेडात भिंगाखाली दिसतात. २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ह्या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने झेरॉक्सच्या डॉक्युकलर प्रिंटरचे ठिपके उलगडले: १५ गुणिले ८ ची जाळी, आत प्रिंटरचा सीरियल नंबर आणि छापल्याची तारीख, वेळ. कारण काय तर खोट्या नोटा छापणारा सापडावा. पण ठिपके काही फक्त खोट्या नोटेवर उमटत नाहीत, तुमच्या पत्रावर, निवेदनावर, निनावी तक्रारीवर पण उमटतात. एखाद्या ऑफिसातला भ्रष्टाचार उघड करणारा माणूस कागद छापून पत्रकाराला देतो तेव्हा तो कागद त्याचं नाव सांगू शकतो. चोर पकडायला म्हणून आणलेलं साधन नेमकं चोराविरुद्ध बोलणाऱ्याला उघडं पाडतं, आणि ह्याच्यावर कुठल्या संसदेत आधी चर्चा झाली होती असं काही नाही. तुमचं ते दुसरं पारडं मला मान्य आहे, पण त्यात काय टाकायचं ते उघडपणे ठरवलेलं असावं.

कायदा_कट्टा

उशिरा लिहितेय पण हा धागा सोडवेना. हा वाद २०० वर्षांहून जुना आहे आणि कोर्टांनी त्यावर फार विचारपूर्वक निकाल दिलेत.

१७४८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ह्यू क्रॉफर्ड नावाच्या वकिलाने २० पौंडांच्या दोन नोटा टपालाने ग्लासगोला पाठवल्या. माणूस सावध, त्याने आधी नंबर टिपून ठेवले आणि नोटांवर स्वतःची सही पण केली. नोटा टपालात गायब झाल्या आणि पुढे रॉयल बँकेकडे माग लागला. क्रॉफर्डचं म्हणणं सरळ होतं, नंबर माझा, सही माझी, चोरीची वस्तू मालकाला परत करा. घड्याळ चोरीला गेलं असतं तर त्याला ते मिळालंही असतं. पण १७४९ मध्ये कोर्टाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. बँकेने नोट प्रामाणिकपणे, मोबदला देऊन घेतली होती, आणि प्रत्येक नोट घेताना ती आधी कोणाकोणाची होती हे जर तपासायला लागलं तर नोट चलन म्हणून चालणारच नाही. इंग्लंडमध्ये १७५८ च्या मिलर विरुद्ध रेस खटल्यात न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड ह्यांनीही हेच धरलं. टपालगाडीवरच्या दरोड्यात गेलेली २१ पौंड १० शिलिंगची नोट एका खाणावळवाल्याने मुक्कामाला आलेल्या गिऱ्हाइकाकडून भाबडेपणी घेतली होती, बँकेच्या कारकुनाने ती अडवून ठेवली, आणि निकाल खाणावळवाल्याच्या बाजूने लागला.

बघा, नंबर तेव्हाही होता. कोर्टांना ते माहीत होतं. तरी त्यांनी ठरवलं की नोटेचा भूतकाळ तिच्या पुढच्या धन्याला चिकटू द्यायचा नाही. मृण्मयी जे मागतेय ते काही नवं फॅड नाही, नोट म्हणजे नोट राहण्याची ती अटच आहे. उद्या दुकानातल्या यंत्राने "ही नोट परवा संशयित ठिकाणी होती" म्हणून लाल दिवा दाखवायला सुरुवात केली तर तुमच्या हातातल्या नोटेची किंमत तिच्यावर छापलेल्या आकड्याएवढी राहणार नाही, आणि तुम्ही तर काहीच केलेलं नसेल.

रोखठोक, तुमच्या मुद्द्यावर. खंडणीच्या नोटांचे नंबर नोंदवणं योग्यच आहे, कोणी अडवलेलं नाही. तिथे आधी गुन्हा आहे आणि मग त्या ठरावीक नोटांची यादी आहे. सगळ्यांच्या सगळ्या नोटांची नोंद आधीच करून ठेवायची आणि गुन्हा नंतर शोधायचा, ही दुसरी गोष्ट झाली. मर्यादा घालता येतात ह्याचं उदाहरणही आहे. युरोपियन सेंट्रल बँकेच्या नियमांत नोटा घेणाऱ्या मशीनला एखादी नोट नक्की खरी आहे असं ठरवता आलं नाही तर ती भरणाऱ्या खातेदाराची माहिती ८ आठवडे ठेवायची तरतूद आहे. फक्त शंकास्पद नोट, ठरलेलं कारण, ठरलेली मुदत. अशी तीन बंधनं असली की माझ्यासारखीला विरोध करायला फारसं काही उरत नाही. बंधनं नसताना नुसतं "सुरक्षेसाठी" म्हटलं की मला धडकी भरते.

आणि लोकांना प्रायव्हसी नको आहे असं कोणी समजू नये. डिजिटल युरो कसा असावा म्हणून २०२० च्या शेवटी युरोपियन सेंट्रल बँकेने लोकांची मतं मागवली, ८,२०० हून जास्त उत्तरं आली, त्यात ४३ टक्के लोकांनी प्रायव्हसी सगळ्यात वर ठेवली होती.

मृण्मयी_१

ताई, हे वाचून मला खूप बळ आलं. मला वाटत होतं मीच जरा जास्त ताणतेय. मग आता बँकेला विचारायचं असेल तर काय विचारू? काउंटरवर विचारलं तर "असं काही नसतं मॅडम" एवढंच ऐकायला मिळेल.

आणि सर्किटवाले दादा, छोटी शंका, ते फॉइलवालं पाकीट घेऊन काही उपयोग आहे का?

सर्किटवाला

नोटांसाठी काही उपयोग नाही, अडवायला त्यात काही नाहीच. कॉन्टॅक्टलेस कार्डाला मात्र खरी चिप आणि अँटेना असते, १३.५६ मेगाहर्ट्झवर काही सेंटीमीटरवरून वाचली जाते, तिला धातूचं आवरण अडवतं. कार्डासाठी घ्यायचं असेल तर घ्या.

कायदा_कट्टा

तोंडी विचारू नकोस, तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने लेखी पाठव आणि पोच घे. गोल गोल लिहू नकोस नाहीतर उत्तरही गोल येईल. साधारण असं: "माझ्या कार्डावरून एटीएममधून काढलेल्या नोटांचे क्रमांक आपण किंवा रोकड भरणारी एजन्सी नोंदवते का? नोंदवत असल्यास ते माझ्या व्यवहाराशी जोडून ठेवले जातात का, किती काळ, आणि कोणाला दिले जातात? हीच माहिती रोख भरणाऱ्या ग्राहकांबाबतही द्यावी." शेवटचं वाक्य गाळू नकोस, तुझ्या समुपदेशकांचं टोक त्यात आहे. एजन्सीचा उल्लेखही ठेवच, कारण बऱ्याच ठिकाणी एटीएममध्ये नोटा भरायचं काम बँक स्वतः करत नाही आणि मग "आमच्याकडे नोंद नाही" हे उत्तर खरं असूनही अपुरं असतं.

रोखठोक

मीही माझ्या बँकेला हेच पत्र पाठवतो. मतभेद आहेतच, पण नोंद ठेवतात की नाही हे मलाही कळलं पाहिजे. मजकूर कॉपी करतोय, चालेल ना?

कायदा_कट्टा

चालेल की. दोघांचीही उत्तरं आली की खातं, शाखा, नाव सगळं काढून फक्त मजकूर इथे टाका, पुढचं पत्र त्यावरून लिहू.